एलीट डेंजरस: जहाज मोठे, धक्का लहान

एलीट डेंजरस या अंतराळजहाजांच्या संगणकीय खेळात नवे जहाज घेताना त्याचा वेग, तोफा किंवा मालाची क्षमता पाहण्याआधी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे ते स्थानकातल्या कोणत्या पॅडवर (उतरण्याच्या ओट्यावर) उतरते. लहान, मध्यम आणि मोठे अशी पॅडची तीनच मापे आहेत आणि प्रत्येक जहाज यांपैकी एका मापाचे ठरलेले आहे. लहान जहाज कुठेही उतरू शकते, मध्यम जहाज मध्यम किंवा मोठ्या पॅडवर, आणि मोठे जहाज केवळ मोठ्या पॅडवर. कोरिओलिस, ऑर्बिस आणि ओसेलस या प्रकारच्या भव्य फिरत्या स्थानकांत तिन्ही मापांची पॅड असतात. ‘आउटपोस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या, उघड्यावरच्या स्थानकांत मात्र मोठे पॅड नसतेच. खेळाचा बराचसा व्यापार, मिशनांचा मोठा भाग आणि खेळाडूंच्या निम्म्याअधिक तक्रारी या एवढ्याशा नियमाभोवती फिरतात. मी हा खेळ अनेक वर्षे खेळत आलो आहे आणि त्याच्याविषयीचे माझे मत बनवताना हाच नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटत आला आहे.

खेळाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी बीबीसी मायक्रो या संगणकासाठी १९८४ साली ‘एलीट’ हा खेळ केला. त्यात खेळाडूच्या वाट्याला कोब्रा मार्क ३ हे एकच जहाज होते, त्यामुळे आकाराचा प्रश्नच उद्भवत नव्हता. फिरत्या स्थानकाच्या अरुंद दारातून आत शिरणे एवढीच काय ती कसोटी होती. ब्रेबन यांच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या केंब्रिजच्या कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये एलीट डेंजरस प्रकाशित केला, तेव्हा ते दार तसेच ठेवले. जहाजे मात्र पंधरा मीटर लांबीच्या साइडवाइंडरपासून दीडशे मीटरच्या अ‍ॅनाकोंडापर्यंत वाढली. पुढे आलेले इम्पीरियल कटर तर १९० मीटरांच्या पुढे जाते. इतक्या फरकाच्या जहाजांना एकाच धक्क्यावर जागा द्यायची म्हटल्यावर मापांची विभागणी अटळच होती.

या विभागणीमुळे एक विलक्षण गोष्ट घडली. पनामा कालव्याच्या जुन्या जलपाशांतून जेमतेम जाईल एवढ्या रुंदीची, म्हणजे सुमारे ३२ मीटरची, जहाजे जगभरच्या गोद्यांत वर्षानुवर्षे बांधली गेली आणि त्या मापालाच ‘पनामॅक्स’ हे नाव पडले. एलीटमधले पायथन हे जहाज अगदी त्याच जातीचे आहे. मध्यम पॅडवर मावणारे आणि तरीही पोटात पावणेतीनशे टनांहून अधिक माल घेणारे हे जहाज अनेक वर्षे व्यापाऱ्यांचे लाडके राहिले, कारण त्याला कोणतेही दार बंद नव्हते. किंमत पाच कोटी सत्तर लाख क्रेडिटच्या (हे खेळातले चलन) आसपास. पण ज्याने ती मोजली, त्याला मिशन निवडताना मुक्कामाचे ठिकाण तपासण्याची गरज उरत नसे. वेग बेताचा, वळणे सुस्त, दिसायला पाचरीसारखे. असे असूनही पायथन विकून मोठे जहाज घेतलेले खेळाडू काही महिन्यांनी पुन्हा पायथन घेताना मी पाहिले आहेत. मी स्वतः दोनदा तेच केले आहे.

पायथनशेजारी टाइप-७ ठेवले की नियमाचा आडमुठेपणा लक्षात येतो. टाइप-७ हे निव्वळ मालवाहू जहाज. लांबीला ते पायथनपेक्षा सुमारे सहा मीटरांनी कमी आहे आणि रुंदीलाही किंचित कमीच. मात्र त्याची उंची पंचवीस मीटरांवर जाते, तर पायथन अठरा मीटरांवर थांबते, आणि तेवढ्या सात मीटरांपायी टाइप-७ ला मोठे पॅड लागते. आउटपोस्टवरची पॅड उघडी असतात, वर छप्पर नसते, आणि तिथे उंचीची अडचण कुणाला होणार, हा प्रश्न खेळाडूंनी शेकडो वेळा विचारलेला आहे. फिरत्या स्थानकांत पॅड खाली सरकून जहाजाला हँगरमध्ये नेते, तेव्हा उंचीला अर्थ असतो हे मान्य; आउटपोस्टवर तो अर्थ शोधावा लागतो. यामागचे खरे कारण तोल राखण्याचे असावे असे मला वाटते. पावणेदोन कोटी क्रेडिटना मिळणारे आणि तीनशे टन माल नेणारे जहाज आउटपोस्टवरही उतरू लागले असते, तर तिपटीहून अधिक पैसे मोजून पायथन कुणी घेतले असते? हे सगळे समजूनही, ज्या खेळात बाकी सर्व गोष्टी डोळ्यांना पटतील अशा रचलेल्या आहेत, तिथे हा एक अपवाद खुपत राहतो.

टाइप-७ चा धडा मी स्वतःच्या चुकीने शिकलो. खेळायला लागून महिनाही झाला नव्हता. टाइप-६ मध्ये शंभर टन माल वाहून वाहून पैसे साठवले होते आणि नवे टाइप-७ घेऊन मी मिशनांच्या फलकासमोर उभा होतो. एकशे ऐंशी टन माल, चांगला मोबदला, मुदत भरपूर. मी ठिकाणाचे नाव पाहिले, अंतर पाहिले आणि काम घेतले. एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे अशा तीन उड्या मारून पोहोचलो, साडेसात किलोमीटरच्या आत आलो, डॉकिंगची परवानगी मागितली आणि नकार आला. समोर आउटपोस्ट दिव्यांनी लखलखत होते, त्याच्या दोन्ही अंगांची पॅड रिकामी होती आणि माझे जहाज त्यांच्यासाठी मोठे होते. मागे फिरून जवळच्या मोठ्या स्थानकावर गेलो, तर दुसरी पंचाईत: पूर्वीचे टाइप-६ विकलेले, आणि नवे घेतले तरी त्यात एकशे ऐंशी टन मावणार नाहीत, त्यामुळे माल घेऊन जहाज बदलताही येईना. शेवटी काम सोडून दिले आणि ते देणाऱ्या पक्षाकडची प्रतिष्ठा थोडी घसरवून घेतली. नकाशातल्या चिन्हांवरून आउटपोस्ट आणि मोठे स्थानक यांतला फरक सहज ओळखता येतो, हे मला त्यानंतर कळले. दोष अर्थातच माझा होता.

तरीही परीक्षक म्हणून एवढे म्हणेन की नियम जितका विचारपूर्वक केलेला आहे, तितकी तो सांगण्याची पद्धत विचारपूर्वक केलेली नाही. सुरुवातीच्या सरावात उड्डाण, नेमबाजी आणि डॉकिंग शिकवले जाते. पॅडचे माप ही व्यापाराची पहिली अट आहे, हे मात्र नवख्याला कुणी ठासून सांगत नाही, कारण त्याच्या हाती असलेले साइडवाइंडर कुठेही उतरते आणि तो कित्येक तास त्या समजुतीतच खेळतो. नियमाची जाणीव नेमकी तेव्हा होते, जेव्हा खिशातले सगळे क्रेडिट मोठ्या जहाजात अडकलेले असतात. म्हणूनच बहुतेक अनुभवी खेळाडू खेळासोबत ‘इनारा’ नावाचे खेळाडूनेच चालवलेले संकेतस्थळ उघडे ठेवून बसतात, जिथे बाजारभाव शोधताना पॅडचे माप निवडता येते. बाहेरच्या साधनाची ही गरज मला खेळाच्या मांडणीतली उणीव वाटते, मग ते साधन कितीही उत्तम असो.

मिशनांच्या बाबतीत या नियमाचा परिणाम व्यापारापेक्षाही खोल आहे. व्यापारी आपला मार्ग स्वतः ठरवतो, त्यामुळे त्याला आउटपोस्ट टाळता येतात. मिशन घेणाऱ्याला मुक्काम दुसरा कुणी ठरवून देतो, आणि ज्या ताऱ्याभोवती केवळ आउटपोस्ट आहेत, तिथली कामे मोठ्या जहाजवाल्यासाठी जवळजवळ नसल्यासारखीच असतात. प्रवासी वाहतुकीत हे आणखी ठळक होते. श्रीमंत प्रवाशांना लागणाऱ्या आलिशान केबिन डॉल्फिन, ऑर्का आणि बेलुगा या तीनच जहाजांत बसवता येतात. त्यांतली ऑर्का आणि बेलुगा मोठ्या पॅडची, तर डॉल्फिन लहान पॅडची. मधल्या मापाचे प्रवासी जहाज या घराण्यात नाही. त्यामुळे थोडे पाहुणे घेऊन कुठेही जाणे किंवा पुष्कळ पाहुणे घेऊन मोजक्याच ठिकाणी जाणे, यांतून एक निवडावे लागते. मला ही निवड आवडते. डॉल्फिन घेऊन एखाद्या आडबाजूच्या आउटपोस्टवर चार पाहुण्यांना उतरवताना जे समाधान मिळते, ते बेलुगाच्या गर्दीत मिळत नाही.

२०२१ साली ‘ओडिसी’ ही भर आल्यावर ग्रहांवरच्या वस्त्यांत पायी उतरून करायची कामे आली आणि मापाचा प्रश्न जमिनीवर पोहोचला. काही वस्त्यांत केवळ लहान पॅड असते. तिथे मोठे जहाज घेऊन गेलेल्या खेळाडूला वस्तीबाहेर सपाट जमीन शोधून उतरावे लागते, आणि डोंगराळ प्रदेशात अ‍ॅनाकोंडाएवढी सपाट जागा सापडणे म्हणजे घाटात ट्रक वळवायला जागा शोधण्यासारखेच असते. उतरल्यावर जहाजाला वर पाठवून देता येते आणि काम आटोपल्यावर पुन्हा बोलावता येते, एवढी सोय आहे. म्हणूनच पायी कामे करणारे बहुतेक जण लहान जहाजे वापरतात. दहा वर्षांपूर्वी खेळाच्या पहिल्या आठवड्यात मागे टाकलेली जहाजे त्यामुळे पुन्हा हँगरमधून बाहेर निघाली, ही या नियमाची मला सर्वांत आवडलेली करामत.

आउटपोस्टची गोष्ट निघाली की हटन ऑर्बिटलचे नाव टाळता येत नाही. अल्फा सेंटॉरी या आपल्या शेजारच्या तारामंडळात हे स्थानक आहे, आणि उडी मारून आपण जिथे पोहोचतो त्या ताऱ्यापासून ते ०.२२ प्रकाशवर्षे दूर आहे. खेळातल्या नेहमीच्या सुपरक्रूझने, म्हणजे एका तारामंडळाच्या आतल्या वेगवान प्रवासाने, हे अंतर कापायला दीड तासाच्या आसपास वेळ लागत असे; मधे करण्यासारखे काही नाही, दिसण्यासारखेही काही नाही. जुने खेळाडू नवख्यांना सांगत की तिथे गेल्यावर अ‍ॅनाकोंडा फुकट मिळते. पंधरा कोटींच्या घरातले जहाज फुकट मिळणार म्हणून बिचारे दीड तास अंधारात डोळे लावून बसत. या थट्टेतली खरी खोच पुष्कळांच्या लक्षात येत नाही: हटन ऑर्बिटल हे आउटपोस्ट आहे, तिथे मोठे पॅड नाही, म्हणजे अ‍ॅनाकोंडा तिथे ठेवायला जागाच नाही. नियम ठाऊक असलेला खेळाडू ही थाप ऐकताक्षणीच ओळखतो. तिथून परतणारे अ‍ॅनाकोंडाऐवजी हटनचा मग घेऊन येतात, आणि तो मग खेळातला खराखुरा विक्रीचा माल आहे.

मोठ्या जहाजांची बाजू मांडल्याशिवाय हे परीक्षण एकांगी होईल. टाइप-९ घेऊन कोरिओलिस स्थानकात शिरणे हा अनुभव लहान जहाजाच्या वाट्याला कधीच येत नाही. जहाज एकशे पंधरा मीटर रुंद. समोरचे दार टपालपेटीच्या फटीसारखे आडवे आणि संथपणे फिरणारे. हिरवा दिवा उजव्या हाताला ठेवायचा, वेग सेकंदाला शंभर मीटरांच्या खाली आणायचा, आणि दाराच्या गतीशी स्वतःची गती जुळवत आत सरकायचे. कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी पोलादी कडा अंगावर येतात. टाइप-९ चे नाक अजून वळत असते आणि शेपूट आधीच्या दिशेने ओढत असते. त्यात समोरून दुसरे मोठे जहाज बाहेर पडायला निघाले, तर दोघांपैकी कुणी माघार घ्यायची हे शब्दाविना ठरते, किंवा मग ठरत नाही आणि ढाल खणखणते. सातशेहून अधिक टन माल घेऊन आत आल्यावर नेमून दिलेल्या पॅडवर जहाज टेकते आणि मी दर वेळी खुर्चीत मागे रेलतो. दहा मिनिटांची मुदत असते. मला पहिल्यांदा साडेआठ लागली होती. डॉकिंग कॉम्प्युटर बसवला की हे सगळे आपोआप होते. मी तो बसवत नाही.

नियमातली खरी तूट मला दुसरीकडे दिसते. कोकण किनाऱ्यावर आगबोटींच्या काळात कित्येक बंदरांत बोट खोल पाण्यातच नांगर टाकून उभी राही आणि उतारू व सामान पडावातून किनाऱ्याला लागे. मोठे गलबत आणि उथळ बंदर यांच्यातला प्रश्न जगात सगळीकडे असाच सोडवलेला आहे. एलीटमध्ये पडाव नाही. आउटपोस्टबाहेर उभ्या असलेल्या जहाजातला माल उतरवून घेणारी एकही होडी स्थानकाकडे नसावी, हे बाराशेहून अधिक वर्षे पुढच्या काळात घडणाऱ्या कथेला शोभत नाही. थोडे पैसे कापून घेणारी अशी सेवा दिली असती, तर नियम तसाच राहून त्याचा जाच कमी झाला असता.

जून २०२० मध्ये फ्लीट कॅरियर आले आणि ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी ही तूट काही अंशी भरून निघाली. पाच अब्ज क्रेडिटचे हे स्वतःच्या मालकीचे फिरते बंदर. त्यावर सोळा पॅड असतात, त्यांतली आठ मोठी, चार मध्यम आणि चार लहान. मोठ्या जहाजाने माल आणून कॅरियरवर चढवायचा, तिथेच मध्यम जहाजात बसायचे आणि तोच माल खेपा करून आउटपोस्टला पोचवायचा. म्हणजे पडाव मिळाला, पण तो विकत घ्यायला आधी आगबोट कंपनी काढावी लागते. नवख्याला त्याचा काही उपयोग नाही.

इतर खेळांशी तुलना केल्यावर एलीटचे वेगळेपण स्पष्ट होते. आइसलंडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या २००३ पासून चालू असलेल्या खेळात आकाराचे निर्बंध अधिक कडक आहेत. तिथे सुपरकॅरियर आणि टायटन ही महाकाय जहाजे २०१६ च्या ‘सिटाडेल’ विस्तारापर्यंत कोणत्याही स्थानकात डॉकच करू शकत नव्हती. टायटनचा मालक एकदा आत बसला की जहाज उघड्यावर सोडून बाहेर पडणे म्हणजे ते चोराच्या स्वाधीन करणे, म्हणून कित्येकांनी त्या एका जहाजात बसून राहण्यासाठी वेगळे पात्र तयार करून ठेवले होते. सिटाडेलमध्ये आलेल्या कीपस्टार या सर्वांत मोठ्या बांधकामाने त्या पात्रांची सुटका केली. मिशनांसाठी ईव्हमध्ये प्रवेगद्वारे (जहाजाला मिशनच्या जागी नेणारी दारे) असतात आणि प्रत्येक द्वाराला कोणत्या वर्गाची जहाजे चालतील हे ठरलेले असते. खालच्या पातळीच्या मिशनच्या द्वाराशी बॅटलशिप घेऊन गेलात तर द्वार काम करत नाही. लहान जहाजांना त्यांची स्वतःची रणभूमी मिळावी हा हेतू उघड आहे आणि तो साधलाही जातो. मात्र ते द्वार जहाजाला का अडवते याचे कारण डोळ्यांना दिसत नाही. ती नियमावलीतली ओळ राहते. एलीटमध्ये पॅड समोर दिसते, जहाजाची सावली त्यावर पडते आणि मावत नाही हे (टाइप-७ सोडल्यास) स्वतःला पटते. एगोसॉफ्टच्या ‘एक्स४’ मध्ये लहान-मध्यम जहाजे पॅडवर आणि मोठी जहाजे लांब धक्क्याला लागतात, आणि तिथे स्थानक खेळाडूच बांधत असल्याने धक्का बांधायला विसरण्याची चूकही खेळाडूचीच. ती रचना मला सर्वांत प्रामाणिक वाटते, पण जहाज स्वतः हाकण्याची जी मजा एलीटमध्ये आहे ती तिथे नाही.

अलीकडच्या दोन वर्षांत फ्रंटियरने नवी जहाजे आणली आणि त्यांतून या नियमाचे मोल कंपनीला पुरते ठाऊक आहे हे दिसून आले. २०२४ साली आलेले टाइप-८ हे मालवाहू जहाज चारशे टनांच्या घरात माल नेते आणि तरीही मध्यम पॅडवर उतरते. घोषणा होताच खेळाडूंच्या गप्पांत पहिला उल्लेख वेगाचा किंवा किमतीचा नव्हता, पॅडचा होता. पायथनची सद्दी त्या दिवशी संपली. उलट २०२५ मध्ये आलेले पँथर क्लिपर मार्क २ हे मालवाहतुकीतले सर्वांत मोठे धूड मोठ्या पॅडचेच ठेवले, आणि ते योग्यच झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘ट्रेलब्लेझर्स’ ही भर आली आणि खेळाडूंना स्वतःच्या तारामंडळात स्थानके उभारता येऊ लागली. आता प्रश्न उलटा झाला. आउटपोस्ट बांधायला माल कमी लागतो, पण तिथे मोठी जहाजे येणार नाहीत. कोरिओलिस बांधायला त्याच्या कितीतरी पट माल वाहावा लागतो, पण मग दार सर्वांना उघडे. मी आणि माझ्या दोन मित्रांनी एका फिकट तांबड्या ताऱ्याभोवती पहिले स्थानक म्हणून आउटपोस्ट उभारले, कारण तिघांच्याही नोकऱ्या आहेत आणि शनिवार-रविवारच काय तो हाताशी असतो.

हा खेळ घ्यावा की नाही, असे कुणी विचारले तर माझे उत्तर होकारार्थी आहे, काही अटींसह. इंटरनेट सतत लागते. एकट्याने खेळायचे म्हटले तरी जोडणीशिवाय चालत नाही. मासिक वर्गणी नाही. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात सवलतीचे दिवस वारंवार येतात, तेव्हा घेतला तर फारसा खर्च होत नाही. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरच्या आवृत्तीत ओडिसी आले नाही आणि तिथला विकास २०२२ मध्ये थांबवण्यात आला, त्यामुळे संगणकावरच घ्यावा. घाई असलेल्या माणसाला तो मानवणार नाही. पहिले मोठे जहाज घेईपर्यंत निदान एक मध्यम जहाज विकू नये, आणि मिशन घेण्याआधी नकाशा उघडून मुक्कामाचे चिन्ह पाहावे.

आमच्या त्या आउटपोस्टवर गेल्या रविवारी मी टाइप-९ घेऊन सहज चक्कर मारली. तिन्ही बाजूंनी प्रदक्षिणा घातली, दिवे पाहिले, आणि सवयीने डॉकिंगची परवानगी मागितली. ती नाकारली गेली.